तड्यासमोरचा दगड

झरी, अच्छाड, तलासरीच्या पाड्यांवरच्या आणि डहाणूच्या चिकूवाड्यांमधल्या माझ्या माणसांनो,

आपल्या सगळ्यांची तक्रार एकच आहे. जमीन आपल्या पायाखालची हलते, भिंती आपल्या फुटतात, लेकरं आपली अंगणात ताडपत्रीखाली निजतात, आणि हे सगळं खरं आहे हे पटवून देण्याचं कामही आपल्याच गळ्यात पडतं. भरपाईसाठी कचेरीत गेलं की टेबलापलीकडून एकच वाक्य येतं, "फोटोत काही दिसत नाही हो." मला या वाक्याची हादऱ्याइतकीच भीती वाटते. हादरा भिंत पाडतो. हे वाक्य म्हणतं, तिला काही झालेलंच नाही.

ज्यांच्यामुळे हे वाक्य आपल्या कानांवर कमी पडू लागलं, त्या इंदूताई चुरी यांना या महिन्यात पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथाचे संपादक माझ्याकडे आले तेव्हा हात जोडून म्हणाले, "भाऊ, भाषण नको, लेख द्या." प्रयत्न करतो. पण विषय भीतीचा आहे, आणि मी घाबरलो की माझा आवाज चढतो, हे तलासरी नाक्यावर मला ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

ताईंची माझी ओळख झाली ती हादरे सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात. ज्यांनी ते अनुभवले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आधी आवाज येतो. लांब कुठे खाणीत सुरुंग उडावा तसा, पण तो कानातून येत नाही, तळपायातून वर चढतो. मग मांडणीवरची भांडी वाजतात, मग पत्रे. मग सगळं थांबतं. ते थांबणं सगळ्यात वाईट. कारण त्या शांततेत प्रत्येक जण पुढच्याची वाट बघत असतो आणि कुणीच कुणाला तसं म्हणत नाही.

झरीजवळच्या एका पाड्यातल्या लोकांनी आपापल्या मोबाइलवर फुटलेल्या भिंतींचे फोटो काढले होते. कचेरीने ते सगळे परत केले. मी ते फोन एका पिशवीत भरले आणि डहाणू रोड स्टेशनजवळच्या एका जुन्या फोटो स्टुडिओत गेलो. मोठे करून छापले तर दिसतील, अशी माझी समजूत. काउंटरमागे इंदूताई बसल्या होत्या. चष्मा कपाळावर चढवलेला, बोटांत पासपोर्ट फोटो कापायची कात्री. बाजारातले गुजराती दुकानदार त्यांना इंदूबेन म्हणतात, पाड्यांवरची माणसं इंदूबाय. मला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं.

"छापून काय करणार?" त्यांनी विचारलं.

"साहेबांच्या टेबलावर आपटणार."

"आपटा. आवाज होईल. तडा नाही दिसणार."

आणि मग त्यांनी चष्मा खाली घेतला. पहिला फोन उघडला. काशिनाथ धोडी आपल्या भिंतीपुढे ताठ उभा होता.

"हा कोण?"

"काशिनाथ."

"छान आलाय. नवरदेव वाटतो. पण याच्यामागची भिंत कुठे गेली? पोर्ट्रेट मोडवर काढलाय हा. फोनला वाटलं, माणूस दाखवायचाय. त्याने मागचं सगळं धुक्यात घातलं."

दुसरा फोटो. "हा फ्लॅश मारून काढलेला. तडा म्हणजे काय असतं, भाऊ? सावली असते. समोरून फ्लॅश पडला की ती सावली मरते. मग उरते चुन्याची पांढरी भिंत."

तिसरा. "हा नुसता तडा. ही भिंत आहे, की सुकलेलं तळं, की कुणाच्या हाताची रेघ? घर कुणाचं? तडा केवढा? बोटभर की हातभर? मला कळत नाही, साहेबाला काय कळणार."

चौथा फोटो मी नुसताच पुढे केला. त्यांनी काच पुसायच्या कापडाने फोनच्या पाठीवरचं भिंग घासलं, कापड मला दाखवलं. त्यावर तंबाखूचा चुना होता. "एवढा चुना डोळ्यात घातला तर तुम्हांला तरी रस्ता दिसेल का?"

मी वैतागून म्हणालो, "म्हणजे चूक आमचीच?"

त्या म्हणाल्या, "तुमची माणसं खोटं बोलत नाहीत. त्यांचे फोन खोटं बोलतात. फोन बनवणाऱ्यांनी त्यांना सवयच लावलीय सगळं गोड दाखवायची. शिकवलं नाही तर तो गोडच दाखवणार." आणि कात्री ठेवत, "उद्या सकाळी येते मी. ऊन कोवळं असताना. भिंतीवर ऊन बाजूने आलं पाहिजे."

मी आयुष्यभर पुस्तकं वाचली. सत्ता, शोषण, सत्य या शब्दांवर मी तासन्‌तास बोलू शकतो. पण सत्य दिसायला ऊन बाजूने यावं लागतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

इंदूताईंच्या कामाविषयी इथे दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. किनाऱ्याकडच्या एका चिकूवाडीत त्या वाढल्या, लग्न होऊन स्टुडिओत आल्या. रोलच्या काळात यजमान फोटो काढायचे आणि ताई अंधाऱ्या खोलीत ते धुवायच्या. डिजिटल कॅमेरे आले तेव्हा यजमानांनी हात वर केले आणि ताईंनी कॅमेरा हातात घेतला. पन्नाशीला आलेल्या बाईने नवं यंत्र शिकायला घेणं सोपं नव्हतं. त्या सांगतात, "रोल होता तेव्हा एकेक फोटो विचार करून काढायचो. डिजिटल आलं आणि सगळे सुटलेच. शंभर काढायचे आणि एकही बघायचा नाही. नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक हीच. काढला की लगेच तिथेच उभं राहून मोठा करून बघायचा. घरी जाऊन रडण्यात काय अर्थ?"

रडण्याचं त्यांना ठाऊक आहे. त्या पहिल्याच वर्षी एका लग्नाच्या फोटोंचं मेमरी कार्ड बिघडलं. एकही फोटो उरला नाही. यजमान म्हणाले, निरोप पाठवू. ताई स्वतः त्या घरी गेल्या, ओट्यावर बसल्या आणि नवरीच्या आईला समोरासमोर सांगितलं. काय बोलणी खाल्ली ते त्या सांगत नाहीत. पण तेव्हापासून त्यांच्याकडे येणारा प्रत्येक फोटो दोन छपरांखाली राहतो. एक प्रत स्टुडिओत, दुसरी भावाच्या वाडीतल्या लोखंडी पेटीत. "एका ठिकाणी ठेवलेला फोटो हा ठेवलेला नसतोच," असं त्या म्हणतात. ही गोष्ट लक्षात ठेवा. ती पुढे येणार आहे.

दुसऱ्या दिवशी ताई पाड्यावर आल्या. रमीबाय दुमाडा यांचं घर टोकाला. तीन भिंती कुडाच्या, कारवीच्या काठ्यांवर माती लिंपलेल्या. चौथी, मागची, विटांची. रमीबायचा मुलगा हायवेच्या कामावर मजुरी करतो; त्याने दोन उन्हाळे विटा आणून ती भिंत उभी केली होती. पाड्यातली ती पहिली पक्की भिंत. कुडाची भिंत हादऱ्यात डोलते आणि परत जागेवर येते. विटांची भिंत डोलत नाही. ती फुटते. रमीबायच्या अभिमानालाच तडा गेला होता, आणि त्या भिंतीच्या आतल्या अंगाला त्यांची चटई अंथरलेली असायची.

आम्ही परसात गेलो आणि मी थिजलो. तडा नव्हता! भिंत ओली, तुळतुळीत, शेण-मातीने सारवलेली. खालच्या बाजूला गेरूचा पट्टासुद्धा ओढलेला. रमीबाय ठेवणीतलं लुगडं नेसून, केसांत फूल माळून उभ्या. शेजारी सून संगीता, तीही नटलेली.

"रमीबाय, हे काय केलं?" मी ओरडलोच.

"काय केला म्हंजे? फोटो काढाया पाहुणी येणार ती. फुटका घर दाखवू काय तिला?"

"फुटकंच तर दाखवायचं होतं!"

"तू दाखव तुझा फुटका घर," रमीबाय म्हणाल्या. "माझ्या घराचा फोटो निघेल तो चांगलाच निघेल."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आपल्याकडे फोटो म्हणजे लग्न, हळद, बारसं. फोटोवाला येणार म्हणजे अंगण सारवायचं, भिंत लिंपायची, लेकराचं तोंड धुवायचं. ज्या घरांच्या फोटोंत तडा दिसत नव्हता त्यांतल्या किती घरांनी आधी भिंत लिंपून मग फोटो काढला असेल! कचेरीतला साहेब म्हणायचा, भिंत तर नवी दिसते. दिसणारच. पाहुण्याचा मान राखायला आपल्या बायकांनी आपल्याच हाताने पुरावा लिंपून टाकला होता. जगातल्या कुठल्याही फोटोग्राफीच्या पुस्तकात ही चूक सापडणार नाही.

मी भाषण सुरू करणार होतो. ताईंनी माझ्याकडे बघून बोट ओठांवर ठेवलं. मग रमीबायला म्हणाल्या, "लुगडं फार छान आहे. इथे या, भिंतीजवळ. संगीता, तू पण ये. डोक्यावरचा पदर जरा मागे." आणि त्या दोघींचा त्यांनी खराखुरा, मन लावून फोटो काढला. गेरूचा पट्टा, ओली भिंत, केसांतलं फूल, सगळं. दाखवला. रमीबाय कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"आता हा तुमचा झाला," ताई म्हणाल्या. "मोठा करून, चौकटीत घालून आणून देते. आता दुसरा फोटो भिंतीचा. तिला मात्र नटवायचं नाही. डॉक्टरकडे जाताना जखमेवर पावडर लावतो का आपण?"

रमीबाय हसल्या. "इंदूबाय, तू बोलतं बरा."

आणि खालून आवाज आला.

तो कसा येतो ते मी वर लिहिलं आहे, पण लिहिताना आताही माझे तळपाय गार पडले आहेत. पत्रे वाजले. कोंबड्या उडाल्या. मी पळालो. हे लिहायला लाज नाही, माणसाने पळावंच. परसाच्या कडेला पोचून बघितलं तर रमीबाय आणि संगीता माझ्याआधी तिथे होत्या, आणि ताईही, कॅमेरा छातीशी धरून, चेहरा पांढराफटक. सगळं थांबलं. त्या शांततेत भिंतीवरची ओली माती हळूहळू फाटत गेली. वरपासून खालपर्यंत. जणू आतून कुणी नख ओढत होतं. आमच्या डोळ्यांदेखत तडा परत वर आला.

ताईंचे हात थरथरत होते. त्यांनी कोपरं बरगड्यांशी घट्ट दाबली, पाठ शेवग्याच्या खोडाला टेकवली, श्वास रोखला आणि फोटो काढला. नंतर मी विचारलं, "ताई, तुम्हांला भीती नाही वाटली?"

"वाटली की. म्हणूनच खोडाला टेकले. हात कापतो तेव्हा फोटो हलतो. भीती घालवता येत नाही, भाऊ. कोपर दाबून धरता येतं."

त्या सकाळी ताईंनी दगडाची पद्धत घालून दिली. परसात, भिंतीपासून लांब, जिथून सगळं घर दिसतं तिथे, त्यांनी एक सपाट दगड जमिनीत बसवायला लावला. म्हणाल्या, फोटो काढणाऱ्याने दर वेळी याच दगडावर उभं राहायचं. झूम करायचं नाही. झूम केल्याने फोन जवळ जात नाही, नुसता अंदाज बांधतो. आधी या दगडावरून घरासकट, मग चालत जवळ जाऊन भिंत, मग तड्याजवळ. तड्याच्या डाव्या अंगाला ओल्या मातीने एक काडेपेटी चिकटवायची, म्हणजे तडा केवढा ते काडेपेटी सांगेल. साऱ्या देशात काडेपेटी तेवढीच असते, साहेबाच्या घरातसुद्धा. बोटाने पडद्यावर तड्याला स्पर्श करायचा, म्हणजे फोन तड्याकडे बघेल. आणि वेळ नेहमी सकाळची, ऊन तिरपं असताना. संगीताने हे सगळं एकदा ऐकलं आणि ताईंना करून दाखवलं.

"आणि मला पाठवताना नुसता ढकलू नकोस," ताई तिला म्हणाल्या. "व्हॉट्सअॅप फोटो दाबून छोटा करतं, बारीक रेघ त्यात मरते. डॉक्युमेंट म्हणून पाठव. वर फुलं नकोत, गुड मॉर्निंग नको."

"गुड मॉर्निंग पण नको?" संगीताने विचारलं.

"मला वेगळं पाठव. भिंतीवर नको."

त्या महिन्यात पाड्यातल्या घराघरांसमोर असे दगड बसले. ताई सकाळची बस पकडून यायच्या, पिशवीत चिकू आणि काडेपेट्या. ज्यांचं भिंग तेलकट त्यांचं पुसायच्या, ज्यांचा फोन साठवण भरली म्हणून फोटो घेत नव्हता त्यांचे देवांच्या चित्रांचे शेकडो शुभेच्छा-संदेश काढून टाकायच्या. "देव रागावणार नाही," म्हणायच्या, "त्याला रोज नवे येतात."

त्यांच्या मूल्यांबद्दल लिहायचं तर काशिनाथची गोष्ट लिहावी लागेल. काशिनाथच्या भिंतीवरचा तडा केसासारखा होता. त्याने कोळशाने तो जाड केला आणि ताईंना फोटो पाठवला. ताई पुढच्या बसने आल्या. मी तिथे होतो. इतकं संतापलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही.

"कोळसा कुणी लावला?"

"इंदूबाय, तडा तर हायच. जरा दिसाया पायजे म्हणून..."

"तू खोटा तडा दाखवलास ना, तर तो पकडला जाईल. पकडला गेला की रमीबायचा खरा तडापण खोटा ठरेल. तुझ्या कोळशाने तिची भिंत पुसली जाईल, काशिनाथ!"

मी काशिनाथच्या बाजूने बोलायला तोंड उघडलं होतं. गरिबाने थोडं वाढवून सांगितलं तर काय बिघडलं, हे माझं मत होतं, आणि नाक्यावर मी ते ठणकावून मांडलंही असतं. ताई माझ्याकडे वळल्या. "भाऊ, भाषणात चालतं. फोटोत नाही." काशिनाथने भिंत धुतली. त्याच्या केसाएवढ्या तड्याचा केसाएवढाच फोटो गेला.

आता त्या प्रसंगाकडे येतो, ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो.

पाऊस संपला, भातं कापून झाली. हादरे कमी झाले होते. लोक अंगणातून परत घरात निजायला लागले होते. रमीबायही. संगीता मात्र नेमाने दगडावर उभी राहून फोटो पाठवत होती. एका दुपारी ताईंचा फोन आला. आवाज वेगळाच. "भाऊ, लगेच या. आणि येताना काही बोलू नका कुणाला."

मी स्टुडिओत पोचलो. संगणकाच्या पडद्यावर दोन फोटो एकावर एक ठेवलेले होते, पहिल्या सकाळचा आणि त्या सकाळचा. एकाच दगडावरून काढलेले, त्यामुळे कोपऱ्यावर कोपरा बसत होता, दार दारावर. काडेपेटीजवळ तडा थोडाच वाढलेला. "एवढाच ना?" मी म्हणालो.

"तिथे नका बघू. वर बघा. वाशाच्या टोकाखाली."

पहिल्या फोटोत छपराचा वासा भिंतीच्या डोक्यावर टेकलेला. दुसऱ्यात वासा आणि भिंत यांच्यामध्ये एक बारीक काळी रेघ. सावली. भिंत छपराखालून निसटत होती. आत, घराच्या बाजूला कलत होती, इतकी हळू की रोज तिच्याशेजारी निजणारीला कळू नये.

"रमीबाय कुठे निजते?" ताईंनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं.

आम्ही रिक्षा करून निघालो. हायवेवर ट्रक बाजूने गेला की ताई रिक्षाची दांडी घट्ट धरायच्या. मी फक्त एकच हिशेब करत होतो, पुढचा आवाज आमच्या आधी पोचतो की आम्ही.

रमीबाय ऐकेनात. "भिंत माझ्या पोरानं बांधली. ती काय मला मारंल?"

"पोराने बांधली म्हणूनच सांगते," ताई म्हणाल्या. "तो परत येईल तेव्हा त्याने काय बघायचं?"

"भाताची कणगी आत हाय. देव आत हाय."

"देव कुडाच्या बाजूला ने. कणगी राहू दे."

"हादरा थांबला आता. सगळी म्हनतात."

ताईंनी फोन काढला आणि दोन्ही फोटो दाखवले. आधीचा, आताचा. वाशाखालची ती काळी रेघ बोटाने दाखवली. रमीबायनी पाहिलं. मग त्या उठून परसात गेल्या, त्या दगडावर उभ्या राहिल्या आणि उघड्या डोळ्यांनी भिंतीकडे बघत राहिल्या. त्यांना तिथून काहीच दिसलं नसणार. पण परत आल्या आणि चटई उचलली.

चूल, चटई, देव, सगळं समोरच्या मांडवात आलं. कणगी आतच राहिली. पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, एक हादरा आला. लोक म्हणाले, किरकोळ होता. पलीकडच्या पाड्यात तर कुणाला जाणवलाही नाही. रमीबाय मांडवात सुपात तांदूळ पाखडत होत्या. भिंत आत पडली, सगळीच्या सगळी, चटईच्या जागेवर. धूळ खाली बसल्यावरही त्या उठल्या नाहीत. हातातलं सूप तसंच वर धरलेलं राहिलं, असं संगीता सांगते.

संगीताचा फोन आत चार्जिंगला होता. तो विटांखाली चुरा झाला. आणि कचेरीतून माणूस पंचनाम्याला आला तेव्हा म्हणाला, "भिंत आधीपासून कमकुवत होती की हादऱ्याने, कसं कळणार? आधीचे फोटो असते तर..." संगीता रडू लागली.

ताईंनी भावाच्या वाडीतल्या पेटीतून छापलेली प्रत आणली होती. दगडावरून काढलेला प्रत्येक फोटो, आकार न बदललेला, वर एकही फूल नसलेला. त्या माणसाने टेबलाऐवजी विटांच्या ढिगावर बसून ते पाहिले. एकामागून एक. भिंत हळूहळू कलत होती, सकाळच्या उन्हात, काडेपेटीसकट. मग तो पहिल्या फोटोकडे परत गेला आणि विचारलं, "हे कुणी शिकवलं तुम्हांला?"

रमीबायनी ताईंकडे बोट दाखवलं. "हिनं. पन आधी माझा चांगला फोटो काढला, मंग."

तो चांगला फोटो आज रमीबायच्या नव्या घरात, कुडाच्या भिंतीवर, चौकटीत लावलेला आहे. त्यात मागे उभी असलेली ती विटांची भिंत आता जगात कुठेच नाही.

ताईंचे वैयक्तिक उपकार मोजायला बसलो तर हा ग्रंथ पुरणार नाही, आणि त्यांना ते आवडणारही नाही. माझ्यापुरतं एवढंच म्हणतो की सत्य मोठ्या आवाजाने सिद्ध होतं असं मी समजत होतो. कोपरं बरगड्यांशी दाबून, श्वास रोखूनही ते सिद्ध होतं, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

पण मित्रांनो, मी या लेखात फक्त आनंदाने लिहिलं असं दाखवलं तर तो कोळशाचा तडा होईल. मी घाबरलेलो आहे. गेल्या आठवड्यात संपादकांसाठी माहिती गोळा करायला पाड्यांवर फिरलो. हादरे विरळ झालेत, तसे फोटोही थांबलेत. घरांसमोरचे दगड शोधावे लागले. एका दगडावर गवत वाढलंय. एकावर सायकल उभी होती. एका घरात मुलाने दगड उचलून शेळीच्या दावणीला लावला. काशिनाथच्या भिंतीवरची काडेपेटी गळून पडली आहे आणि तो केसाएवढा तडा आज केवढा आहे, हे त्यालाही सांगता येईना. शेवटचा फोटो कधी काढला, मी विचारलं. तो हसला. "आता काय, भाऊ, थांबला ना सगळा."

रमीबाय हेच म्हणाल्या होत्या.

आणि ताईंचे हात आता न घाबरताही कापतात. खोडाला टेकल्या तरी कापतात. त्या अजून सकाळच्या बसला उभ्या राहतात, पिशवीत चिकू आणि काडेपेट्या घेऊन. पण साऱ्या तालुक्याच्या भिंती एका बाईच्या दोन हातांवर सोडून आपण घरात पाय पसरून निजणार असू, तर तो गौरव नव्हे.

इंदूताई, आपल्याला भरपूर आयुष्य लाभो. नजर अशीच वाशाखालची रेघ टिपणारी राहो, जीभ अशीच धारदार राहो. स्टुडिओच्या पायरीवर आमच्या पुढच्या पिढीची लेकरंही आपापले चुना लागलेले फोन घेऊन येवोत, आणि त्यांना रागे भरायला आपण तिथे बसलेल्या असाव्यात.

आणि तुम्ही, माझ्या माणसांनो, समारंभाला येताना हार आणू नका. शाल आणू नका. उद्या सकाळी, ऊन तिरपं असताना, आपल्या घरासमोरच्या दगडावरचं गवत उपटा, त्यावर उभे राहा, श्वास रोखा आणि भिंतीचा एक फोटो काढून ताईंना पाठवा.